अडतीस इंच

"काकू, नीट उभ्या राहा बघू. खांदे उचलू नका."

"उचलले कुठं? आहेत तेवढेच आहेत," काकू म्हणाल्या आणि भिंतीला पाठ टेकवून शाळेतल्या मुलीसारख्या ताठ झाल्या.

मी त्यांचा हात कोपरात वाकवला आणि कोपराशी भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली. तिच्याखाली चार बोटं धरून दुसरी रेघ मारली आणि टेप लावला. एकतीस इंच.

"ही तुमच्या ओट्याची उंची," मी म्हटलं. "कोपराच्या चार बोटं खाली. भाकरी थापताना खांदा भरत नाही आणि कंबरही वाकत नाही."

"म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं भरतं?"

"ज्याचं त्याचं वेगळं. म्हणून तर मोजायचं."

काकू त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टेप दे बघू जरा. बाहेरच्या खिडकीला पडदा शिवायचाय, माप घेऊन येते." त्या पडवीत गेल्या. मी वहीत आकडे लिहीत बसले. पाचेक मिनिटांनी परत आल्या आणि टेप माझ्या हातात ठेवत हळूच म्हणाल्या, "अडतीस घाल."

"काय?"

"ओटा. अडतीस इंच घाल. आणि सरांना यातलं काही सांगू नकोस."

मला हसू आलं. पावणेपाच फुटांची बाई, तिला अडतीस इंचांचा ओटा म्हणजे हनुवटीखाली परात आली असती. मी तसं म्हणालेही. काकू हसल्या नाहीत. "पाट घेऊन उभी राहीन," म्हणाल्या. "तू घाल तर खरं."

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची आहे. मी सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरातून अंतर्गत सजावटीचा डिप्लोमा करून गडहिंग्लजला परतले होते आणि शहाणपणाचा मक्ता आपल्याकडंच आहे अशा थाटात फिरत होते. शिंत्रे सर आजऱ्याच्या शाळेत माझे चित्रकलेचे शिक्षक, काकू त्यांच्या पत्नी. मावशीकडं राहून मी तिथं दहावीपर्यंत शिकले. पहिलं स्वतंत्र काम मला कुणी देईना, तेव्हा सरांनी घरी बोलावलं आणि म्हणाले, "आमचं स्वयंपाकघर तुझ्या ताब्यात. बिघडवलंस तर कान पिळीन."

आजऱ्याच्या बाहेर, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. सरांनी तरुणपणी स्वतः कागदावर काढून ते बांधून घेतलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मागं भाताची खाचरं. सर ताडमाड उंच, त्यामुळं घरातली दारंही उंच, खिडक्या उंच, खुंट्या तर इतक्या वर की काकू पिशवी अडकवायला काठी वापरायच्या. त्या घराला शोभत नव्हतं ते एकच, स्वयंपाकघर. मधे कधीतरी गळती काढताना एका ठेकेदारानं तिथं गुलाबी टाइल्स लावल्या होत्या, मधूनमधून द्राक्षांचे घड. प्लायवूडची कपाटं आजऱ्याच्या पावसानं फुगून बसली होती, एकही दार धड लागत नव्हतं.

"घर इरकल नेसलंय आणि स्वयंपाकघर नायलॉन," सर म्हणायचे.

दहा वर्षं ते बदलायचं म्हणत होते आणि दहा वर्षं काकू म्हणत होत्या, माझ्या हयातीत तो राडा नको. त्या दिवाळीत मात्र त्यांनी आपण होऊन सांगितलं, करून घ्या, पण माघाच्या आत. सर इतके खूश झाले की त्यांनी कारण विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला काम मिळालं होतं.

सरांचं आणि माझं जमलं. काळ्या कडाप्प्याचा ओटा, खाली शहाबादी फरशी, फणसाच्या लाकडाच्या उघड्या फळ्या, म्हणजे ओल धरून फुगायचा प्रश्न नाही. टाइल्स उतरवून आतला दगड मोकळा करायचा आणि खाचरांच्या बाजूची खिडकी मोठी करायची. रोज संध्याकाळी सर नवं चित्र काढून दाखवायचे. त्यांना स्वयंपाकघर फार सुंदर दिसत होतं. आत पाऊल टाकायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. चहाचं आधण आणि भाताचं आधण यात फरक काय, हे आपल्याला ठाऊक नाही असं ते वर्गात अभिमानानं सांगत. काकू दोन दिवस माहेरी गेल्या तर हा माणूस भडंग आणि केळी खाऊन राहायचा. मूलबाळ नव्हतं. दोघंच होते.

आणि काकू माझ्या प्रत्येक रेखाटनात काहीतरी उलटंपालटं करत होत्या. मसाल्याच्या डब्याची फळी मी त्यांच्या हाताशी दाखवली, त्यांनी ती वर सरकवायला लावली, इतकी की माझाही हात टाचा उंचावून पोचेल. डाळी-तांदूळ पितळेच्या डब्यांत नकोत, काचेच्या बरण्यांत हवेत, बाहेरून दिसलं पाहिजे. "काकू, चाळीस वर्षं तुम्हाला डोळे मिटून सापडतंय, आता काच कशाला?" मी विचारलं.

"असू दे की," त्या म्हणाल्या. "तुला काय त्रास आहे?"

मला त्रास नव्हता, पण माझं डोकं दुखत होतं. मनात म्हटलं, म्हातारीनं कुठल्यातरी मासिकात चित्रं बघितलीत. फळी आणि बरण्या मी मान्य केल्या. ओट्याचं वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

पौषात काम लागलं. दत्तू गवंडी माझ्या वडिलांच्या वयाचा होता, हात सोन्यासारखा आणि तोंड फाटकं. ओट्याच्या भिंती उचलायच्या दिवशी काकू घरात नव्हत्या. चार दिवस कोल्हापूरला बहिणीकडं जाऊन येते म्हणून गेल्या होत्या. जाताना दारात थांबून मला म्हणाल्या, "अडतीस हं, रेवती." मी मान हलवली.

दत्तूनं दोरी धरली. "ताई, किती घ्यायचं?"

"काकू अडतीस म्हणतात."

त्यानं दोरी खाली सोडली. "अडतीस? काकी काय माडीवर चढून भाकरी थापणार हाईत व्हय? का घोडं आणून बांधायचंय हितं?"

त्याच्याबरोबरचे दोघंही हसायला लागले. मीही हसले. हातात माप होतं, माझ्या हातानं घेतलेलं, भिंतीवर अजून पेन्सिलीची रेघ होती. सर पडवीतून डोकावले आणि म्हणाले, "काय रे, काय विनोद चाललाय?" दत्तू सांगणार एवढ्यात मी त्याला डोळ्यानं गप्प केलं. काकूंना दिलेला तेवढा शब्द पाळला. सर म्हणाले, "ओटा मात्र हिच्या मापाचा कर हं, रेवती. आधीचा तिला जरा उंचच होता." आणि निघून गेले.

माझ्या मनानं घेतलं. काकूंना यातलं काय कळतंय? खांदे भरून आले की मलाच शिव्या देतील. ओटा बाईच्या मापाचा असतो, हे मला कॉलेजनं शिकवलं होतं, आईनं शिकवलं होतं, दत्तूला त्याच्या बापानं. त्यात कुणालाच काही विचारावंसं वाटत नव्हतं.

"एकतीस घ्या," मी म्हटलं.

काकू पाचव्या दिवशी परत आल्या. कडाप्पा बसून वाळला होता, मी तो तेल लावून पुसून ठेवला होता. मी दारातच उभी राहिले, शाबासकीची वाट बघत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, ओट्याजवळ गेल्या आणि दोन्ही तळवे त्यावर टेकवले. चेहरा उतरला होता, पण ते प्रवासानं असेल असं मला वाटलं.

"किती केलास?"

"एकतीस. तुमच्या कोपराला अगदी बरोबर आलाय, बघा थापून."

"अडतीस सांगितलं होतं ना गं."

"काकू, विश्वास ठेवा. महिन्याभरात माझं नाव काढाल."

त्यांनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. "परत उचलता येईल?"

"कडाप्पा तडकेल. दुसरा मागवायचा, खालचं सगळं परत बांधायचं, दत्तू उद्यापासून भादवणला दुसऱ्या कामावर चाललाय. पंधरा दिवस तरी धरा."

"पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. ओठ हलले, काहीतरी मोजल्यासारखे. "बरं. राहू दे मग. चांगलं झालंय."

मी ते 'चांगलं झालंय' खरं धरलं. त्या वयात माणूस कौतुक तेवढंच ऐकतो.

आठवड्यानं सगळं पुरं झालं आणि काकूंनी मला जेवायला बोलावलं. खरंच सुंदर दिसत होतं. खिडकीतून दुपारचं ऊन कडाप्प्यावर आलं होतं, मागं कापलेल्या भाताचे बुडखे, फळीवर बरण्यांत तूर, मूग, घनसाळ तांदूळ. त्या घराच्या अंगाला ते स्वयंपाकघर शेवटी लागलं होतं. सर मला एकेक गोष्ट अशी दाखवत होते, जणू मीच पाहुणी.

"अहो," काकूंनी हाक मारली. "आत या. आज भात तुम्ही करायचा."

"मी?"

"नवं स्वयंपाकघर तुमचं, म्हणता ना? मग करा."

सर हसत बाह्या सरसावून आत आले. माझ्यासमोर जरा ऐटीतच. काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या, बारीक आवाजात, एकेक शब्द ठेवून. "दोनदा धुवा. तिसऱ्यांदा नको, घनसाळचा वास जातो. आता आधण ठेवा. ज्या वाटीनं तांदूळ मोजलेत त्याच वाटीनं दुप्पट पाणी पाहिजे. हां. उकळी आली की मीठ, मग तांदूळ वैरायचे."

सर ओट्यावर वाकले. त्यांना पार कमरेतून दुमडावं लागत होतं. पातेल्यात बघायचं तर मान खाली, पाठ आडवी. उकळी यायला वेळ लागला. त्यांनी एकदा कंबर धरली, दुसऱ्यांदा धरली आणि सरळ झाले.

"अगं, हे कमरेचं काम आहे. उद्या मला काठी लागेल."

"दोन मिनिटं थांबा की. वैरायचेत फक्त."

"हा ओटा तुझ्या मापाचा," सर हसून म्हणाले. "रेवतीनं मला बरोबर हद्दीबाहेर ठेवलंय. तूच कर बाई. मी ताटं घेतो, ते उंचावरून जमतं." आणि त्यांनी काकूंच्या खांद्यावर थोपटलं आणि बाहेर गेले.

मी मोठ्यानं हसले होते. ते हसू मला आजही नकोसं होतं.

काकूंनी तांदूळ वैरले. झाकण ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"काय झालं काकू?"

"कोल्हापूरला मी बहिणीकडं नव्हते गं," त्या म्हणाल्या. बाहेर ताटांचा आवाज येत होता, म्हणून आणखी हळू बोलल्या. "दवाखान्यात होते. पोटात गाठ आहे. दिवाळीआधीच कळलं होतं, आता पसरलीय. डॉक्टर काय ते महिने सांगतात, मी आपला माझा हिशेब घातला. चैत्र बघीन. पाऊस नाही बघायची."

"सरांना?"

"सांगणार की. आधी भात येऊ दे त्यांना. भात, आमटी, चहा. तीनच गोष्टी शिकवायच्या होत्या. एकदा सांगितलं की ते या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. पडवीत बसून राहतील." त्यांनी झाकण जरा सरकवलं. "त्या दिवशी टेप घेऊन बाहेर गेले ना, त्यांचं कोपर मोजलं. सदऱ्याचं माप घेते म्हटलं. एक्केचाळीस भरलं. त्यातली चार बोटं वजा केली. तूच सांगितलंस ना तसं."

फळी इतकी वर का आणि बरण्या काचेच्या का, हे मला तेव्हा एकदम समजलं. त्या बाईनं स्वतःसाठी त्या खोलीत काहीच मागितलं नव्हतं.

"तुम्ही मला सांगायचं होतं हो, काकू."

"तोंडातून निघालं की खरं होतं गं." मग थांबून म्हणाल्या, "आणि वाटलं, सांगितलं तेवढं करशील."

मी रडायला लागले. उद्याच दत्तूला आणते, रात्रंदिवस बसून करून घेते, असं काहीबाही बोलले. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं, ज्यांचं पुसायला हवं होतं त्यांनी माझं पुसलं. "आता ती धूळ मला सोसायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि पंधरा दिवस चूल बंद ठेवायला पंधरा दिवस कुठं आहेत माझ्याजवळ? रडू नकोस. ह्यांना कळेल. बघते मी, असंच शिकवते." मग त्यांनी भात उतरवला आणि आम्ही तिघं जेवलो. सरांनी दोनदा भात घेतला.

काकू चैत्रात गेल्या. मी दहाव्याला गेले नाही. ताप आल्याचं निमित्त केलं.

श्रावणात धीर करून दत्तूला घेऊन आजऱ्याला गेले. नवा कडाप्पा टेम्पोत होता. काकूंसाठी नाही झालं, निदान सरांसाठी तो ओटा अडतीस इंच करायचा आणि का ते त्यांना सांगायचं, असं ठरवून निघाले होते. घराला कुलूप होतं. आम्ही पडवीत थांबलो. थोड्या वेळानं सर रस्त्यानं वर येताना दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खाणावळीचा डबा.

"कोण, रेवती? ये ये. दगड कसला आणलायस?"

"ओटा उचलायचाय सर. तुम्हाला वाकावं लागतं."

ते कुलूप काढून आत गेले. स्वयंपाकघर जसंच्या तसं होतं, झाडलेलं, पुसलेलं. शेगडीवर काजळीचा ठिपका नव्हता. घनसाळ तांदळाची बरणी काकूंनी भरली होती तेवढीच भरलेली होती आणि काचेतून आतले सोंडे दिसत होते.

सरांनी ओट्यावर तळवा ठेवला. त्यासाठीही त्यांना जरा वाकावं लागलं. "याला हात लावायचा नाही."

"सर, काकूंनी मला—"

"माहीत आहे मला. तिनं सांगितलंय सगळं." ते खिडकीकडं बघत बोलत होते. "शेवटच्या आठवड्यात दुसरं काही बोलायची नाही. म्हणायची, मी त्या पोरीला उगाच काहीतरी उंची सांगत होते. तिनं ऐकलं नाही. मला भिंतीला उभं करून माझं कोपर मोजलं. या घरात सगळं तुमच्या मापाचं, अहो, दारं, खिडक्या, खुंट्या. एक ओटा तेवढा माझ्या मापाचा झाला." त्यांनी दुसऱ्या हातातला डबा खाली ठेवला. "इतकी वर्षं या घरात राहिलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं बघ. मी चित्रं काढत बसलो. तुझे आभार मानायला सांगून गेलीय. ते राहिलं होतं."

काकूंनी हे मला वाचवायला सांगितलं होतं, की शेवटी शेवटी त्यांना खरंच तसं वाटलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. मी तोंड उघडलं. अडतीस इंच, सर, तुमच्यासाठी, एवढं म्हणायचं होतं. सरांचा तळवा अजून कडाप्प्यावर होता. ते सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ उरलेलं तेही मी काढून घेतलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. आभार फुकट मिळत होते.

त्यानंतर सर नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं डबा आला. त्या स्वयंपाकघराचा फोटो एका दिवाळी अंकात छापून आला आणि त्यावर मला पुढची कितीतरी कामं मिळाली. सरांना मी वर्षातून एकदा भेटत होते. एकदाही सांगितलं नाही.

त्या दिवशी दत्तू दारातून म्हणाला, "ताई, न्हाई फोडायचं?" मी मानेनंच नाही म्हटलं. तो बाहेर जाऊन टेम्पोत बसला.

सरांनी डबा उघडला. "बस. अर्धी भाकरी घे," ते म्हणाले. "एकट्याला संपत नाही." मी नको म्हणू शकले नाही. शहाबादी फरशीवर आम्ही समोरासमोर बसलो. वरण पाणचट होतं, भाकरी गार आणि जाड होती. सरांनी ती मोडून मोठा अर्धा माझ्याकडं सारला, आणि मी तो सगळा खाल्ला.